दीड रुपया कुणाचा? उसाच्या चोथ्यातून निघालेल्या विजेची गोष्ट

आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. एसटीत रेंज जाते, हेडफोनची एक बाजू वाजत नाही, अशा सगळ्यांसाठी. बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझे "म्हणजे, म्हणजे" जरा कमी केलेत.

२०२४ सालची गोष्ट. मी पुण्यात, सकाळच्या टीम मीटिंगमध्ये. घरच्या ग्रुपवर आप्पांचा, म्हणजे माझ्या चुलत्यांचा, व्हॉइस मेसेज आला. आप्पा टाइप करत नाहीत, बोलतातच. म्हणाले, "सरकारनं कारखान्याच्या विजेला युनिटमागं दीड रुपया अनुदान दिलंय म्हणं. वीज निघती आपल्या उसाच्या चोथ्यातून. मंग त्यातलं आपल्याला किती? तू इंजिनिअर ना, सांग बरं."

मी अंगठा दाखवणारी इमोजी टाकली आणि विषय संपवला. पण तो संपला नाही. दिवाळीला राहात्याला गेलो तर आप्पांनी पुन्हा तेच विचारलं. मग मात्र मी बसलो आणि वाचत गेलो. त्या एका प्रश्नामागं तीस वर्षांचा इतिहास निघाला. एन्रॉन निघालं, लोडशेडिंग निघालं आणि आमच्या घरातलं एक जुनं दुखणंही निघालं. आज तेच सांगतो.

आमचा ऊस ज्या कारखान्याला जातो त्याचं नाव मी घेणार नाही. कारण ही गोष्ट एका कारखान्याची नाहीच.

एक आग, दोन कामं

आधी मशीन समजून घेऊ.

एक टन ऊस गव्हाणीत पडला की रस निघून मागं साधारण २८० किलो चोथा राहतो. कारखान्यात त्याला बगॅस म्हणतात, काही जण भुसा म्हणतात. त्यात निम्मं पाणीच असतं, तरी तो जळतो. तो बॉयलरमध्ये जाळून वाफ करायची, त्या वाफेवर कारखाना चालवायचा आणि रस आटवून साखर करायची. ही पद्धत जुनीच आहे. दरवर्षी हंगामाच्या तोंडावर पेपरात "बॉयलर अग्निप्रदीपन समारंभ" अशी बातमी आणि फेटेवाल्यांचा फोटो येतो ना, तोच हा बॉयलर.

आता सहवीजनिर्मिती, म्हणजे को-जन. आपल्याकडच्या माणसाला हे भंडारदऱ्यावरून लगेच समजेल. प्रवरेवरचं ते धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं. आज तिथं धरणाचं पाणी आधी टर्बाइन फिरवतं, वीज देतं आणि मग नदीत उतरून पुढं कालव्यानं आपल्या शेतात येतं. वीज काढली म्हणून पाणी कमी होत नाही, उसाला ते तेवढंच मिळतं. एकाच पाण्याची दोन कामं.

को-जनमध्ये वाफेचं हेच होतं. खूप जास्त दाबाची वाफ तयार करायची, तिच्यावर आधी टर्बाइन फिरवायचं. टर्बाइनमधून बाहेर पडणारी वाफ कमी दाबाची असते, पण रस आटवायला तेवढी पुरते. साध्या औष्णिक केंद्रात कोळशाच्या उष्णतेतला निम्म्याहून जास्त भाग कूलिंग टॉवरमधून आणि धुराड्यातून निघून जातो. इथं टर्बाइनमधून सुटलेल्या उष्णतेवर साखर शिजते. म्हणून जगभर याला सरकारी मदत मिळत आली आहे.

मग आपले कारखाने हे आधीपासून का करत नव्हते? मला वाटायचं, तंत्रज्ञान नसेल. कारण वेगळंच निघालं.

चोथा संपवायचा होता

आपल्या तालुक्यात प्रवरानगर आहे. विठ्ठलराव विखे पाटलांनी उभा केलेला सहकारी साखर कारखाना १९४८ मध्ये नोंदला गेला आणि १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला. पहिले अध्यक्ष अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. शेतकऱ्यांनी शेअर घेतले आणि सरकारनंही भागभांडवल दिलं. म्हणजे सरकारी पैसा आणि सहकारी कारखाना यांचं नातं पहिल्या दिवसापासूनचं आहे. हे ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

तेव्हाच्या कारखान्यांचे बॉयलर कमी दाबाचे असायचे. चोथा भरपूर आणि वाफेची गरज ठरलेली. चांगला बॉयलर बसवला तर चोथा उरणार. उरलेला चोथा ठेवायचा कुठं? ढीग लागतात, आग लागायची भीती, वाऱ्यानं गावभर भुसा उडतो. थोडाफार कागद कारखान्याला विकला जायचा. बाकीचा जाळून संपवणंच सोयीचं होतं. बॉयलर जरा उधळ्या असला तर उलट बरंच.

वीज करून विकावी म्हटलं तर घेणारं एकच, वीज मंडळ. १९४८ च्या वीज कायद्यानं राज्यातली वीज मंडळांच्या हातात गेली आणि आपलं मंडळ १९६० मध्ये आलं. साखर कारखान्यानं वर्षातले पाच महिने थोडी वीज द्यायची आणि मंडळानं ती घ्यायची, यात मंडळाला काही रस नव्हता. कोडिंगच्या भाषेत सांगायचं तर आउटपुट होतं, पण तो घेणारा पोर्टच बंद होता. विकत घेणारा नाही म्हणून यंत्र सुधारायचं कारणही नाही.

अमेरिकेत हाच पेच १९७८ च्या एका कायद्यानं सोडवला. तेलसंकटानंतर त्यांनी वीज कंपन्यांना सांगितलं की को-जनवाल्यांची वीज तुम्हाला घ्यावीच लागेल, आणि तीच वीज स्वतः करायला जो खर्च आला असता तो दर द्यावा लागेल. फक्त एवढ्या नियमानं तिथं को-जन वाढलं. रोख अनुदानाआधी दार उघडणं महत्त्वाचं होतं.

एकाच वेळी दोन करार

भारतात हे दार १९९३-९४ मध्ये किलकिलं झालं. केंद्रातल्या अपारंपरिक ऊर्जा मंत्रालयानं बगॅसच्या सहवीजनिर्मितीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. राज्यांना सांगितलं, अशी वीज युनिटला सव्वादोन रुपयांनी घ्या, १९९४-९५ हे मूळ वर्ष धरा आणि दर वर्षाला पाच टक्के वाढ द्या. त्याबरोबर भांडवली अनुदान आणि व्याजात सवलत.

आता तारखांची गंमत बघा. याच काळात, डिसेंबर १९९३ मध्ये, महाराष्ट्राच्या वीज मंडळानं दाभोळच्या प्रकल्पाशी करार केला. एन्रॉनचा. एकीकडं परदेशी कंपनीचा अवाढव्य प्रकल्प, दुसरीकडं गावोगावच्या कारखान्यांच्या मागं पडलेला चोथा. राज्याचं लक्ष कुठं होतं ते सांगायला नको. तमिळनाडू को-जनमध्ये लवकर पुढं गेलं. सगळ्यात जास्त सहकारी कारखाने असलेले आपण मात्र मागं राहिलो.

दाभोळचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला. वीज परवडेना म्हणून २००१ मध्ये मंडळानं ती घेणं थांबवलं. कंपनी बुडाली, प्रकल्प बंद पडला आणि महाराष्ट्रात विजेचा दुष्काळ पडला.

तेव्हा कुठं चोथ्याची आठवण झाली. राज्याच्या वीज नियामक आयोगानं ऑगस्ट २००२ मध्ये आदेश काढून को-जनच्या विजेचा दर ठरवला: पहिल्या वर्षी युनिटला ३ रुपये ५ पैसे आणि पुढं दरवर्षी थोडी वाढ. लगेच २००३ चा वीज कायदा आला. त्यात सहवीजनिर्मितीला प्रोत्साहन देणं हे राज्य आयोगांचं कामच ठरवलं.

माझ्या पिढीला हा काळ आठवत असेल. मी तेव्हा प्राथमिक शाळेत. आमच्याकडं दिवसाला कितीतरी तास लाइट नसायची. शेतीची थ्री फेज रात्री यायची. आप्पा आणि वडील बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जायचे आणि परत येईपर्यंत आजी जागी असायची. विंचू-काट्याची, पाण्यातल्या करंटची भीती. त्याच अंधारात लांब कारखान्याचे दिवे मात्र लखलखत असायचे, कारण त्यांची वीज त्यांचीच होती. लहानपणी मला वाटायचं, तिथं लाइट आहे तर तार ओढून इकडं का आणत नाहीत? त्या वेळी सरकारी कागदांवरही तोच प्रश्न चालू होता, हे आता कळलं.

अनुदानाची उतरंड

"अनुदान" म्हटलं की आपल्याला एकच चेक दिसतो. प्रत्यक्षात ही मडक्यांची उतरंड होती, एकावर एक.

सगळ्यात खाली साखर विकास निधी. हा १९८२ च्या कायद्यानं झाला. साखरेवरच्या तेव्हाच्या उपकरातून जमा झालेला पैसा, म्हणजे शेवटी साखर खाणाऱ्या प्रत्येकाचा. २००२ नंतर त्यातून को-जनला स्वस्त व्याजाचं कर्ज मिळायला लागलं.

त्यावर केंद्राचं भांडवली अनुदान. सहकारी कारखान्यांसाठी ते बॉयलरच्या दाबाशी जोडलेलं होतं: ४० बारला बाहेर विकता येणाऱ्या दर मेगावॅटमागं ४० लाख, ६० बारला ५० लाख, ८० बारला ६० लाख आणि एका प्रकल्पाला जास्तीत जास्त ८ कोटी. इंजिनिअर म्हणून मला ही रचना आवडली. जेवढा दाब जास्त, तेवढी त्याच चोथ्यातून वीज जास्त, म्हणून पैसाही जास्त. २०१८ मध्ये योजना बदलली आणि बगॅससाठी सरसकट मेगावॅटला २५ लाख झाले.

त्यावर राज्याचं मडकं. २००८ च्या धोरणात को-जनचं १००० मेगावॅटचं लक्ष्य होतं. ऊस खरेदी करात सवलत होती. आणि सहकारी प्रकल्पाच्या भांडवलाचा एक साचा होता: ५ टक्के सरकारचं भागभांडवल, ५ टक्के कारखान्याचं स्वतःचं, ३० टक्के साखर विकास निधीचं कर्ज, ६० टक्के बँकांचं कर्ज.

ते "स्वतःचं ५ टक्के" जरा थांबून बघा. सहकारी कारखान्याचं स्वतःचं म्हणजे कुणाचं? सहसा सभासदांच्या उसाच्या बिलातून टनामागं कापलेल्या ठेवींचं. आप्पांना हे सांगितलं तेव्हा ते आत जाऊन जुन्या बिलांची पिशवी घेऊन आले. त्यात "ठेव" नावाचा रकाना होता.

आणि सगळ्यात वर विजेचा खात्रीचा दर. आयोगानं ठरवलेला दर पुढच्या दशकात युनिटला सहा रुपयांच्या वर गेला. हे सरळ अनुदान नाही. तो दर महावितरण देते, म्हणजे शेवटी आपण सगळे वीजबिलातून देतो.

ही उतरंड चालली, हे मान्य करायला हवं. हजार मेगावॅटचं लक्ष्य कधीच मागं पडलं आणि आज राज्यात अडीच हजार मेगावॅटच्या वर बगॅसची को-जन क्षमता उभी आहे. आपल्या तालुक्यातही प्रवरानगरला २०१५ मध्ये ३० मेगावॅटचा प्रकल्प सुरू झाला. तो कारखान्यानं स्वतः न बांधता एका पायाभूत सुविधा कंपनीच्या उपकंपनीनं बांधा-वापरा-हस्तांतर करा तत्त्वावर, २५ वर्षांच्या करारानं उभारला. चोथा शेतकऱ्याचा, जागा कारखान्याची, बॉयलर कंपनीचा, वीज ग्रीडची. "मालक कोण" हा प्रश्न इथंच गुंतागुंतीचा होतो.

मुळा-प्रवराचा धडा

अनुदानानं सगळं भलंच होतं असं नाही, हे आमच्या भागाला वेगळं सांगायला नको.

मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था आठवते का? देशातल्या सुरुवातीच्या ग्रामीण वीज सहकारी संस्थांपैकी एक. श्रीरामपूरला कार्यालय आणि राहाता, राहुरीसह पाच तालुक्यांतल्या गावांना वीज. मंडळाकडून घाऊक वीज घ्यायची आणि शेतकऱ्यांना वाटायची. ग्राहक मोठ्या संख्येनं शेतीपंपवाले, आणि राज्यात शेतीपंपाला मीटरऐवजी हॉर्सपॉवरवर बिल घ्यायची पद्धत होती. किती वीज गेली याचा पक्का हिशेबच नाही. सवलतीचा खरा बोजा कुणी उचलायचा, हे कधी स्पष्ट झालं नाही. थकबाकी दोन हजार कोटींच्या वर गेली. तो आकडा संस्थेला मान्य नव्हता आणि वाद न्यायाधिकरणापर्यंत गेला. शेवटी फेब्रुवारी २०११ पासून वितरण महावितरणकडं आलं.

मी यातून एवढंच घेतलं: सवलत देणं वाईट नाही. ती मोजायला मीटर नसणं वाईट.

सूर्य स्वस्त झाला

आता २०२४ कडं येऊ. मधल्या काळात सौर वीज प्रचंड स्वस्त झाली. तीन रुपयांच्या आत मिळायला लागली. मग महावितरणनं चोथ्याच्या विजेला सहा रुपये का द्यावेत? आयोगाच्या ठरलेल्या दराऐवजी बोलीतून दर ठरायला लागले आणि नवे करार पाच रुपयांच्या आत आले.

पण बँकेचा हप्ता जुन्याच हिशेबावर होता. कारखाने सरकारकडं गेले. म्हणून तो दीड रुपया: करारातला दर आणि अनुदान मिळून युनिटला सहा रुपयांपर्यंत, एका वर्षासाठी.

कारखान्यांची बाजूही खोटी नाही. सौर वीज दिवसा येते. बगॅसची वीज हंगामात रात्रंदिवस येते, आणि तीही ग्रामीण भागातच तयार होते. रात्रीच्या विजेची किंमत दिवसाच्या विजेशी तोलणं बरोबर नाही.

आणि इथंच आमच्या घरातलं दुखणं येतं. २०१५ मध्ये मला बीटेकला ॲडमिशन मिळाली. त्या वर्षी साखरेचे भाव कोसळले होते आणि उसाचं बिल वेळेवर आलं नाही. कायदा सांगतो, ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. आम्हाला व्याज सोडा, मुद्दलच कित्येक महिन्यांनी मिळालं. वडील गटऑफिसला गेले तर उत्तर मिळालं, "को-जनचा हप्ता भरायचाय, जरा दम धरा." माझी फी आईच्या पाटल्या ठेवून भरली. पाटल्या नंतर सुटल्या. पण "को-जन" हा शब्द मी पहिल्यांदा कॉलेजात ऐकला नाही, त्या दिवशी घरात ऐकला. आमच्यासाठी तो शब्द विजेचा नव्हता, उशिराचा होता.

आप्पांचं उत्तर

तर आप्पा, हे तुमचं उत्तर.

चांगल्या प्रकल्पात एक टन उसामागं साधारण १०० युनिट वीज ग्रीडला जाते असं धरू. कुठं जास्त, कुठं कमी. म्हणजे टनामागं दीडशे रुपये अनुदान. आपला दोन एकर ऊस, एकरी ४० टन धरला तर ८० टन. आपल्या उसामागं सरकारनं दिलेले झाले १२,००० रुपये.

त्यातले आपल्याला थेट किती? शून्य.

कारण असं. एफआरपी हा किमान दर, २०२३-२४ च्या हंगामात १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३१५० रुपये, तोडणी-वाहतूक त्यातूनच. त्यावर काही मिळायचं तर ७०:३० चं सूत्र. रंगराजन समितीनं २०१२ मध्ये ते सुचवलं, महाराष्ट्रानं २०१३ मध्ये ऊस दराचा कायदा केला. साखर आणि पहिल्या टप्प्यातले उपपदार्थ, म्हणजे बगॅस, मळी, प्रेसमड, यांच्या उत्पन्नातला ७० टक्के शेतकऱ्याचा. आता नीट बघा, यादीत बगॅस आहे, वीज नाही. चोथा बॉयलरच्या दारापर्यंत आपला. पलीकडं त्याची वीज झाली की ते उत्पन्न प्रकल्पाचं आणि अनुदानही प्रकल्पाचं. वीज आणि इथेनॉलही सूत्रात घ्या, ही शेतकरी संघटनांची जुनी मागणी आहे.

मग सगळा खेळ एका आकड्यावर येतो: बॉयलरच्या दारात चोथ्याला धरलेला भाव. कारखानाच विकणारा आणि कारखान्याचाच प्रकल्प घेणारा असला, की तो भाव कमी धरायला कुणी अडवत नाही. भाव कमी धरला तर ७० टक्केही कमी, आणि विजेचा नफा पलीकडं.

उलट बाजूही सांगतो. विजेत तोटा झाला तर तोही सूत्रात येत नाही. पण बिलाच्या उशिरातून येतो, ते आपण २०१५ ला भोगलंय. म्हणजे नफ्यात आपण कागदावर नाही आणि तोट्यात कागदाशिवाय आहोत.

माझं मत विचाराल तर ही सगळी अनुदानं चूक होती असं मी म्हणणार नाही. एकच गिऱ्हाईक असलेल्या बाजारात दार उघडायला सरकारच लागतं, आणि ज्या चोथ्याचं ओझं होतं त्यातून आज हजारो घरांत दिवा लागतो. पण जनतेचा पैसा टाकताना एक अट घालणं अवघड नव्हतं. उसाच्या बिलावर दोन ओळी छापा: यंदा चोथ्याला काय भाव धरला आणि विजेतून टनामागं काय मिळालं. ॲप बंद पडलं की आम्ही आधी लॉग बघतो. शेतकऱ्याला लॉगच दिसत नाही, मग तो शंका घेणार नाही तर काय करणार?

हे सगळं मी आप्पांना ओट्यावर बसून सांगितलं. पेरूच्या बागेकडून गार वारं येत होतं आणि कारखान्याचा भोंगा झाला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजी वार्षिक सभेत इचारायचं काय, ते तरी कळलं. चोथ्याचा भाव."

सभेत त्यांनी विचारलं. "माहिती देऊ" असं उत्तर मिळालं. अजून मिळालेली नाही. आप्पांनी यंदा तोच प्रश्न लेखी दिलाय, पोचपावती घेऊन. पोचपावतीचा फोटो ग्रुपवर टाकलाय, या वेळी व्हॉइस मेसेज न पाठवता.

तुमच्या घरचा ऊस कारखान्याला जात असेल तर एक करा. या वर्षीचं बिल काढा आणि बघा, त्यात चोथ्याचा भाव कुठं दिसतो का. दिसला तर मला नक्की कळवा, मी पुढच्या भागात सांगेन. भेटू. तोवर, राम राम.